सांदण दरीची टेहळणी

सह्याद्रीच्या सहलींविषयीं बोलणें निघालें म्हणजे बहुधा गडांच्या आणि शिखरांच्या गोष्टी निघतात. आज मी तुम्हांला वर न नेतां खालीं नेणार आहें. डोंगराला पडलेल्या एका अरुंद भेगेंत. पूर्वीच्या अहमदनगर व आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, अकोले तालुक्यांत, साम्रद नांवाचें लहानसें गांव आहे. गांवापासून थोडें चालून गेलें कीं सपाटी एकाएकीं दुभंगते आणि सांदण दरीचें तोंड दिसूं लागतें.

गेल्या जानेवारींत तेथें जाण्याचें निमित्त असें घडलें. ज्या शाळेंत मीं पुष्कळ वर्षें शिकविलें, तेथील चाळीस मुलांना ही दरी दाखवावी असें तेथील शिक्षकांच्या मनांत आलें. दिवस त्यांनीं मे महिन्याच्या अखेरचा योजिला होता. कारण त्या सुमारास भंडारदऱ्याच्या रानांत काजवे चमकूं लागतात, आणि एकाच फेरींत दोन्ही गोष्टी साधतात. तत्पूर्वीं कोणीतरी जाऊन जागा पाहून यावी असें ठरलें व तें काम मजकडे आलें. मुलांना न्यावें कीं नाहीं, न्यावें तर कोठपर्यंत आणि केव्हां, एवढ्या प्रश्नांचीं उत्तरें मला आणावयाचीं होतीं.

प्रथम दरीची रचना सांगतों. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं या प्रदेशांत तप्त लाव्हाचे थरांवर थर पसरले आणि निवून त्यांचा काळा पाषाण झाला. अशा पाषाणांत उभ्या चिरा असतात. चिरेंत पाणी शिरलें म्हणजे तें तिला रुंद करण्यापूर्वीं खोल करीत जातें. सांदणची लांबी सुमारें दोन किलोमीटर आहे. भिंती दोन-तीनशें फूट उंच आहेत. आणि कांहीं ठिकाणीं दोघांना खांद्यास खांदा लावून चालणें कठीण पडतें. दुसरी एक मौज पाहा. भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें. त्याच्या जलाशयांतील पाणी प्रवरेंतून गोदावरीस व अखेर पूर्वसमुद्रास मिळतें. ही दरी मात्र पश्चिमेकडे कोंकणांत उतरते आणि तिचें पाणी अरबी समुद्राची वाट धरतें. साम्रदच्या परिसरांत शेजारीं शेजारीं पडलेल्या दोन सरींना असे दोन समुद्र लाभतात!

सकाळीं नऊ वाजतां गांवांतील एका जाणत्या वाटाड्यास घेऊन मी निघालों. घरून निघण्यापूर्वींच एक गोष्ट वहींत लिहून ठेविली होती: दुपारीं एक वाजतां जेथें असूं तेथून माघारीं फिरावयाचें. दरींत दिवस लवकर मावळतो, आणि येतांना तेच धोंडे पुन्हां चढावयाचे असतात.

थोड्याच अंतरावर पहिला डोह लागला. त्या दिवशीं पाणी मांडीपर्यंत होतें. बूट काढून अनवाणी उतरण्याचा मोह होतो, पण तळचे दगड दिसत नाहींत. म्हणून पायांत जुने कापडी बूट ठेवावे आणि कोरडे मोजे पिशवींत वर बांधावे. वाटाड्या म्हणाला, “गुरुजी, काठी आधीं पुढं टाका. काठी टेकली, कीं मगच पाय.” दुसऱ्या डोहांत पाणी कंबरेच्या वर आलें. ऊन तेथें फारसें पोंचत नसल्यामुळें पाण्याचा गारठा हाडांत शिरतो. मोठ्या माणसास जें कंबरेपर्यंत, तें सातवींतल्या मुलास छातीपर्यंत. ही नोंद मीं तेथेंच उभ्या उभ्या केली.

डोहांच्या मधोमध घराएवढ्या शिळा पडलेल्या आहेत. त्यांतील एक ओलांडावयास मला हात धरून दोन मिनिटें लागलीं. आतां हें त्रैराशिक मांडा. चाळीस मुलें, प्रत्येकीं दोन मिनिटें, म्हणजे एका शिळेपाशीं ऐंशी मिनिटें. येतांना पुन्हां ऐंशी. एकाच धोंड्यावर दोन तास चाळीस मिनिटें खर्ची पडलीं, आणि तेवढा वेळ बाकीचीं मुलें ओल्या कपड्यांनीं सांवलींत कुडकुडत उभीं. एकट्यानें सहज पार केलेली वाट चाळिसांना तशीच सोपी जाते असें मुळींच नाहीं.

यापुढें वाटाड्यानें मला जें दाखविलें तें सर्वांत महत्त्वाचें. डोक्याच्या वर, दोन पुरुष उंचीवर, कपारींत वाळलेल्या गवताचा आणि काटक्यांचा चोथा अडकला होता. पावसाळ्यांत पाणी तेथवर चढलें होतें. घाटघर-साम्रदचा हा पट्टा पावसाविषयीं जिल्ह्यांत प्रसिद्ध आहे. घाटघराला नगर जिल्ह्याची चेरापुंजीच म्हणतात. पावसाळ्यांत येथें कोणी शिरूं नये हें उघड आहे. खरा धोका आहे तो त्याच्या आधींच्या पंधरवड्यांत. मे महिन्याच्या अखेरीस काजवे पाहावयास माणसांची रीघ लागते, आणि वळवाच्या पावसाचेही तेच दिवस. दरीच्या तळांतून आभाळाची एक चिंचोळी पट्टी तेवढी दिसते. डोंगरामागें ढग दाटले तरी आंत असलेल्याला पत्ता लागत नाहीं. पाणी आलें तर बाजूला सरावयास कांठ नाहीं.

ही भीति पोकळ नव्हे. अमेरिकेंत ॲरिझोना राज्यांत अँटिलोप कॅन्यन म्हणून अशीच एक अरुंद घळ आहे. १२ ऑगस्ट १९९७ रोजीं तेथें अकरा प्रवासी लोंढ्यांत सांपडून मृत्यु पावले. मुसळधार पाऊस पडला होता तो कांहीं मैल वरच्या अंगाला. तेथील खडक वालुकाश्म आणि आपला काळा पाषाण. पण चिंचोळ्या जागेंत पाण्याचें वागणें दोहींकडे एकच.

दुसऱ्या डोहाच्या पुढें आम्ही बराच वेळ धोंड्यांवरून उतरत गेलों. आणखी पुढें उभे कडे लागतात. तेथें दोर, पट्टे आणि त्या विद्येंत मुरलेला माणूस पाहिजे. ते उतरून लोक करोली घाटाच्या वाटेनें परततात. कड्याच्या अलीकडेच घड्याळांत एक वाजला. वाटाड्या म्हणाला, “टोक आतां जवळच हाय, गुरुजी. कोंकण दिसंल.” मीं वही उघडून त्याला सकाळचें वाक्य दाखविलें. तो हंसला आणि मुकाट्यानें मागें वळला. नियम मोडावासा वाटतो तो मुक्काम जवळ आला म्हणजेच. म्हणून परतण्याची वेळ घरीं बसून, डोकें थंड असतांना ठरवावी.

परत आल्यावर मीं शिक्षकांस कळविलें तें असें: मे महिना नको, फेब्रुवारी घ्या. दहा-दहा मुलांच्या चार तुकड्या करा. एक तुकडी दरींत असतां बाकीच्यांनीं रतनवाडीचें अमृतेश्वराचें कोरीव मंदिर पाहावें. दुसऱ्या डोहाच्या कांठीं थांबा. पलीकडे कोणीही जाऊं नये. मुलांची निराशा झाली, हें मी जाणतों. एकानें मला विचारलें, “टोक पाहावयाचें नाहीं, तर गुरुजी, पाहावयाचें काय?”

फेब्रुवारींत तीं गेलीं, सोबत मीही होतों. दुसऱ्या डोहापाशीं त्याच मुलाचें लक्ष कपारींतल्या गवताकडे गेलें. इतक्या उंच तें कोणी ठेवलें, असें त्यानें विचारलें. मीं त्याला काठीनें उंची मोजावयास सांगितली. त्यानें मोजली, वर पाहिलें, पाण्याकडे पाहिलें, आणि आपण होऊन म्हणाला, “पुरानें!” मग बराच वेळ तो कांहीं बोलला नाहीं.

काजवे पाहण्यास मुलें मे महिन्यांत निराळीं जाणार आहेत. तीं रानाच्या कडेला उभीं राहून पाहतील. दरींत उतरणार नाहींत.