बचत विद्यापीठाची, बिल विद्यार्थ्याचे

(विद्यार्थी व प्राध्यापक यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा सारांश)



मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, विद्यापीठांचे वर्ग ओस पडले आणि अध्यापन ऑनलाइन सुरू झाले. त्यामुळे विजेची बचत होते, असे आजही सांगण्यात येते. बचत कोणाची आणि भार कोणावर, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

हिशेब साधा आहे. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात ७५ वॅटचे आठ पंखे व ४० वॅटच्या बारा ट्यूबलाइट आहेत असे धरू. चार तासांत तेथे सुमारे सव्वाचार युनिट वीज लागेल. तेच साठजण आपापल्या घरी एक पंखा व एक ट्यूबलाइट लावून बसले, तर साडेसत्तावीस युनिट लागतील. यातील निम्मी वीज घरात एरवीही खर्च झाली असती असे मानले, तरी उरलेला आकडा वर्गाच्या तिप्पट भरतो. शिवाय वर्गाला कुलूप लागले म्हणून प्रयोगशाळेतील शीतकपाटे आणि आवारातील दिवे बंद होत नाहीत.

प्रवासाची ऊर्जा वाचते, हे खरे. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठातील अभ्यासकांना २००५ साली दूरशिक्षणास सुमारे नव्वद टक्के कमी ऊर्जा लागते असे आढळले. परंतु ती बचत मुख्यतः प्रवास आणि विद्यार्थ्यांची निवासव्यवस्था टळल्याने झालेली होती. छापील पुस्तकाऐवजी संगणक आणल्याने तीत पडलेली भर अल्पच होती.

खरा अन्याय दरात आहे. महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर शंभर युनिटांनंतर चढतो. दरमहा ९५ युनिट वापरणाऱ्या कुटुंबावर या अभ्यासाचे अकरा-बारा युनिट पडले, की ते वरच्या टप्प्यात जाते. जून २०२० च्या बिलांवरून उठलेला असंतोष आपण विसरलेलो नाही. आणि ज्या देशात २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार ग्रामीण भागातील अवघ्या ४.४ टक्के कुटुंबांत संगणक होता, तेथे घर हाच वर्ग मानणे म्हणजे गरिबाला वर्गाबाहेर उभे करणे होय.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. ऑनलाइन अध्यापनाच्या काळातील वीजखर्च विद्यापीठांनी जाहीर करावा, वाचलेली रक्कम शुल्कातून वजा करावी, आणि गावोगावच्या ग्रंथालयांत दिवा, पंखा व संगणक असलेल्या सार्वजनिक अभ्यासिका उघडाव्यात. एका छताखाली अनेकांनी शिकणे विजेच्या हिशेबातही स्वस्त आहे आणि समतेच्याही.