एका वेळी एकच गोष्ट



वडील गेल्यावर त्यांची १९८२ सालची प्रीमियर पद्मिनी माझ्याकडे आली. सिग्नलला थांबली की बंद पडायची, चोक ओढला की चालायची. मी एकाच दिवशी कार्ब्युरेटर उघडला, प्लग बदलले, पॉइंटचा गॅपही हलवला. गाडी सुरूच होईना. शेवटी भंगारवाल्याशी भाव ठरवला.

त्या रात्री आपली प्रयोगशाळा आठवली. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा, हा विज्ञानाच्या सरांचा हट्ट.

सकाळी वही काढली. आधी पॉइंटचा गॅप नीट लावला. इंजिन सुरू झालं. एक फेरी मारून प्लग पाहिले: पांढरे. म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. चोक हवा अडवतो, म्हणूनच तो ओढला की गाडी चालायची! आयडलिंगचा जेट साफ केला, फरक नाही. मग कार्ब्युरेटरखालचं जुनं पॅकिंग बदललं. हवा तिथूनच शिरत होती.

भंगारवाल्याला नाही म्हणून कळवलं. आज त्याच गाडीतून आलोय.

सर, वही डिकीत आहे. तपासून सही कराल ना?