तणमोर शोधणारे डोळे

तणमोर कोंबडीएवढा पक्षी. पावसाळ्यात नर गवतातून टुणकन उडी मारतो नि लगेच दिसेनासा होतो. तेवढ्यातच तो हेरायचा. अकोला-वाशीमकडे माळ नांगरले गेले, म्हणून आता सोयाबीनच्या शेतांतही त्याला शोधावे लागते. तिथे फासेपारधी बांधवांची नजर दुर्बिणीच्याही पुढे (माझी तर बांधावरच अडखळते). फास लावण्यासाठी बापजाद्यांनी शिकवलेली पाखरांची ओळख आज पाखरे राखायला उपयोगी पडते.

पण बांधावर पारधी दिसला की लोक आधी ‘चोर’ म्हणतात. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, शिक्का राहिलाच. अशा शोधकार्याला देणगी द्याल तेव्हा एवढे जरूर विचारा: पारध्याची रोजची मजुरी ठरली आहे का? शेतमालकाशी त्याची गाठ कोणी घालून दिली आहे का?