घाटमाथ्यावर थांबणारी माणसं



पावसाळा ओसरला की पुण्याभोवतीचे घाट रविवारी पहाटे सायकलवाल्यांचे होतात. बोपदेव, दिवे घाट, कात्रजचा जुना घाट, सिंहगडाचा चढ, कुठेही जा, अंधारात लाल दिव्यांची लुकलुकती रांग दिसते. त्या रांगेत आमचाही एक ग्रुप असतो. त्यात बँकेतून निवृत्त झालेले काका आहेत, रात्रपाळी संपवून थेट येणारी एक नर्स आहे, सॉफ्टवेअरवाले तर आहेतच, आणि बारावीचं वर्ष असूनही आईला पटवून येणारी एक मुलगी आहे. सायकल नसती तर या माणसांची ओळख व्हायचं काही कारण नव्हतं.

ग्रुपचा नियम एकच, आणि आज मला त्याविषयीच बोलायचं आहे. घाट ज्याने त्याने आपापल्या दमाने चढायचा, पण माथ्यावर सगळ्यांनी थांबायचं. शेवटची सायकल वर आल्याशिवाय कुणी पुढे निघायचं नाही. त्या शेवटच्या माणसाच्याही मागे एक जण असतो, त्याला आम्ही स्वीप म्हणतो. पंप, जादा ट्यूब, पाने, प्रथमोपचाराची पिशवी सगळं त्याच्यापाशी. ही पाळी दर आठवड्याला बदलते आणि सगळ्यांत वेगवान पोरांनाही ती चुकत नाही.

नुकतीच सासवडची फेरी झाली. कोंढव्याकडून बोपदेव चढायचा, सासवडला नाश्ता करायचा आणि दिवे घाट उतरून हडपसरला यायचं, अशी ही आमची आवडती वाट. सासवडला सीताफळांच्या पाट्या उतरत होत्या, त्यामुळे निघायला थोडा उशीरच झाला. दिवे घाटाच्या तोंडाशी बारावीतल्या त्या मुलीचं मागचं चाक बसलं. त्या दिवशी स्वीप होते बँकेतले काका. त्यांनी पाना हातात घेतला नाही, तिच्याच हातात दिला. चाक काढून झालं, ट्यूब बाहेर आली, ती नवी ट्यूब घालायला निघाली, तेवढ्यात काका म्हणाले, "थांब बाळा, आधी टायरच्या आतून बोट फिरव. हळूच." बोट फिरवता फिरवता एका जागी ती थबकली. बाभळीच्या काट्याचं टोक, डोळ्यांना दिसणार नाही इतकं बारीक, रबरात रुतून बसलेलं. ते तसंच राहिलं असतं तर नवी ट्यूबही चार पावलांवर गेली असती. मग ट्यूबमध्ये जराशी हवा भरून ती कुठे चिमटत तर नाही ना हे बघणं, टायरची कड अंगठ्यांनी आत दाबणं, शेवटी पंप मारणं, सगळं तिने केलं. बाकीचे वळणावर, रस्त्याच्या कडेला उभे होते. खाली वडकीच्या बाजूला मस्तानी तलाव उन्हात चमकत होता. घाई करा असं एकानेही म्हटलं नाही, आणि मला त्या क्षणी आपल्या माणसांचा फार अभिमान वाटला.

वेगाची हौस मला वाईट वाटत नाही. ती भागवायला शर्यती आहेत. पण आमच्यातल्या बऱ्याच जणांना ओढ लागली आहे ती ब्रेव्हेची. लांब पल्ला ठरलेल्या वेळेत पुरा करायचा: 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 300 वीस तासांत, 400 सत्तावीस आणि 600 चाळीस तासांत. पहिला-दुसरा नंबर नसतोच. वाटेत ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यायचा. रात्री-अपरात्री शिक्का मारायला कुणी नसेल, तिथे बऱ्याचदा एटीएमची पावती वेळेचा पुरावा म्हणून चालते. पहाटे तीन वाजता एखाद्या गावच्या बंद बाजारपेठेत, हेल्मेट घातलेली दोन-तीन माणसं एटीएमसमोर शंभर रुपये काढायला उभी असतात, ती याचसाठी. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 साली अमेरिका आडवी पार करणारी शर्यत, सुमारे 4800 किलोमीटर, जोडीने नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. एक सायकलवर, तेव्हा दुसरा विश्रांतीला. आमच्या ग्रुपात त्यांचं नाव आदराने घेतलं जातं, ते या एकमेकांच्या भरवशासाठी.

हा भरवसा सायकलवरून उतरल्यावरही राहतो. पानशेतच्या रस्त्यावर वळणावरच्या वाळूत आमच्यातल्या एकीची सायकल घसरली आणि खांद्याचं हाड मोडलं. पुढचे कितीतरी दिवस तिच्या घरी आळीपाळीने डबा गेला. कुणाकडून पोळी-भाजी, कुणाकडून खिचडी, निवृत्त काकांकडून त्यांनी स्वतः रांधलेली आमटी. कोजागरीला आम्ही खडकवासल्याला जातो, तेव्हा ती हात गळ्यात बांधून गाडीतून आली आणि मसाला दूध तिनेच ढवळलं. आषाढीच्या आधी सायकलने पंढरपूरला जाणाऱ्यांतही आमचे काही जण असतात. येताना सायकली टेम्पोत चढवतात, चौकटींना ओरखडे पडू नयेत म्हणून मधे जुनी गोधडी घालतात. ती गोधडी कुणाच्या घरची, हे आता कुणाच्याच लक्षात नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे. घाटातून उतरताना मोटारवाले मोठा दिवा लावून येतात, तेव्हा चढणाऱ्या सायकलवाल्याला काही क्षण काहीच दिसत नाही. दिवा खाली घ्यायला एक बोट पुरतं. ओलांडताना हातभर जास्त जागा सोडली, तर वाळूत उतरायची वेळ आमच्यावर येत नाही. आणि आमच्या बाजूने: मागचा लाल दिवा, हेल्मेट, अंगावर चकाकणारी पट्टी, आणि गप्पा मारत दोन-दोन सायकली शेजारी-शेजारी न चालवणं. एवढं आम्ही पाळायलाच हवं.

तुमच्या गावात असा ग्रुप असेल तर एका रविवारी जा. सायकल महाग असायला हवी असं नाही, साधी गिअरची, अगदी बिनगिअरचीही चालते. फक्त ब्रेक आणि हवा आदल्या रात्री तपासा. मागे राहाल अशी धास्ती असेल, तर निघतानाच स्वीप कोण आहे ते विचारून घ्या आणि त्याच्या पुढे चाला.