छावणीतले खेडेगावचे चर्च

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवात चर्चच्या वास्तूवर बोलण्याचे आम्ही योजिले, तेव्हा चिटणिसांच्या कपाळावर किंचित आठी उमटलेली आम्ही पाहिली. शहाजीराजांचे बेंगळूर सोडून हे काय? परंतु आपण सारी परमुलखात नांदणारी माणसे. अशा माणसांनी आपले गाव मनात कसे जपले आणि मग ते दगडविटांत कसे उतरविले, याचा एक उत्तम नमुना आपल्या रोजच्या वाटेवर उभा आहे, आणि तिकडे आपली दृष्टी सहसा वळत नाही. म्हणून हा विषय.

रिचमंड टाउनच्या कडेला, होसूर रस्त्यावर, जुन्या वृक्षांच्या आड ऑल सेंट्स चर्च आहे. ते १८७० साली उभे राहिले. उतरते छप्पर, टोकदार कमानींच्या खिडक्या, लहानसा आटोपशीर आकार. इंग्लंडातील एखाद्या खेड्यातून अलगद उचलून आणावे तसे ते दिसते. येथील छावणी १८०९ सालची. तिची आधीची चर्चे या वळणाची नव्हेत. महात्मा गांधी मार्गाच्या पूर्व टोकाचे, १८५१ सालचे होली ट्रिनिटी पाहा. पुढे खांबांची ओसरी, वर त्रिकोणी शिरोभाग, मागे मनोरा. गिब्ज नावाच्या वास्तुकाराने १७२८ साली आपल्या नकाशांचे पुस्तक छापले, आणि हिंदुस्थानातील कित्येक चर्चांवर त्याची छाया पडली.

मग अवघ्या वीस वर्षांत ही आवड पालटली कशी? त्याचे उत्तर केंब्रिज विद्यापीठात सापडते. १८३९ साली तेथील काही तरुण विद्यार्थ्यांनी कॅम्डेन सोसायटी स्थापिली. चर्च म्हणजे प्रवचनाचा दिवाणखाना नव्हे, ते उपासनेचे स्थान आहे. त्याचे रूप मध्ययुगातील खेड्यांच्या चर्चसारखेच असले पाहिजे, असा त्यांचा आग्रह. खिडकीची कमान कशी असावी, पायऱ्या किती असाव्यात, येथवर त्यांनी नियम घालून दिले. विशीतल्या पोरांनी साऱ्या धर्मपीठाला वास्तुशास्त्र शिकवावे, ही त्या काळातली एक नवलाचीच गोष्ट म्हटली पाहिजे.

त्यांच्या मांडणीशी आपला परिचय नाही असे मात्र नाही. सभामंडप निराळा, गाभारा निराळा. दोहोंमध्ये कमान, आणि गाभाऱ्याची भूमी पायरी-दोन पायऱ्यांनी उंच. वेदी पूर्वेच्या भिंतीशी. बाप्तिस्म्याचे दगडी कुंड मात्र दाराजवळ, कारण त्या संस्काराने माणूस धर्मसमाजात प्रवेश करतो. प्रवेशाची वस्तू प्रवेशाशीच हवी. प्रवचनपीठ पूर्वी मध्यभागी उंच मिरवत असे. ते आता बाजूला सरले, म्हणजे वेदी दृष्टीआड होऊ नये. बायबल ठेवण्यासाठी पितळी गरुड पंख पसरून उभा राहिला. एकेक वस्तूची जागा अशी अर्थाने ठरलेली.

सर्वांत मोठा कलह माजला तो बाकांवरून. जुन्या चर्चांत श्रीमंत घराण्यांचे उंच फळ्यांचे, दारे असलेले कप्पे असत. भाडे भरून ते राखीत. गरिबांनी उरल्या जागी बसावे. सुधारकांनी हे कप्पे काढून सर्वांस सारखी उघडी बाके द्यावयास लावली. देवापुढे सारे समान, हे लाकडात उतरले! हिंदुस्थानच्या छावण्यांत मात्र बाके उघडी झाली तरी पुष्कळ ठिकाणी बसण्याचा क्रम हुद्द्याप्रमाणेच राहिला. आम्हांस याचे हसू येत नाही. पंक्तीचा इतिहास आपणांसही ठाऊक आहे.

या सुधारणेत काही हरपलेही. खेड्यातील शेतकरी-कारागीर सज्जात बसून सारंग्या, बासऱ्या वाजवीत भजने गात. त्यांना उतरवून ऑर्गन आणला गेला. थॉमस हार्डीने ‘अंडर द ग्रीनवुड ट्री’ या १८७२ सालच्या कादंबरीत याच प्रसंगाचे चित्र रेखाटले आहे. गावच्या भजनी मंडळीस उद्या कोणी सांगावे की टाळमृदंग पुरे, आता यंत्र वाजेल, तसेच ते. आपल्या सेंट अँड्र्यूजमधील १८८१ सालचा ऑर्गन हडर्सफील्डच्या कोनाकर कारखान्यातला. लहान चर्चांचे काम हार्मोनियमवर भागे. आपली बाजाची पेटी त्याच घराण्यातली, आणि पुढे तीच आपल्या भजनात येऊन बसली!

आपणांपैकी मुंबईहून आलेल्यांनी कुलाब्याचे अफगाण चर्च पाहिले असेल. केंब्रिजच्या नियमांचे आपल्या देशातील ते एक आरंभीचे, भव्य उदाहरण. हेन्री कॉनिबेअरने ते योजिले, १८५८ साली त्याचे समर्पण झाले, शिखर १८६५ साली पुरे झाले. आतील सजावटीसाठी विल्यम बटरफील्डसारख्या नामवंताचे आराखडे विलायतेहून आले. तेथे युद्धात पडलेल्यांचे स्मारक करावयाचे होते, म्हणून ते उत्तुंग. ऑल सेंट्समध्ये घर आठवावयाचे होते, म्हणून ते ठेंगणे. आमचा कौल ठेंगण्यास आहे.

त्याचा वास्तुकार रॉबर्ट चिझम आपणांस परका नाही. कोल्हापूरचा नवा राजवाडा योजिणारा मेजर मँट १८८१ साली वारला, तेव्हा सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यातील लक्ष्मीविलास राजवाडा अर्धाच होता. तो चिझमने १८९० साली पुरा केला. घुमट, छत्र्या, जाळ्या यांचा तो अफाट पसारा आणि होसूर रस्त्यावरचे हे साधे छप्पर एकाच माणसाच्या हातचे, हे ध्यानात ठेवून दोन्ही पाहावीत.

एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्याला आपण इंग्रजांची पुरातन परंपरा समजतो, ते हे रूप १८७० साली जेमतेम तीस वर्षांचे नवे होते. दूर गेलेली माणसे आठवणीतले गाव बांधतात, आणि ते खऱ्या गावाहून अधिक नीटनेटके निघते. आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवातले कोकण पाहून प्रत्यक्ष कोकणातला पाहुणा कधी गोंधळतो, तो यामुळेच.

१९४७ पासून ही वास्तू चर्च ऑफ साउथ इंडियाची आहे. उपासक येथलेच आहेत. २०१९ च्या सुमारास मेट्रोच्या भुयारी स्थानकासाठी तिच्या आवारातील भूमी हवी झाली, तेव्हा जुन्या वृक्षांसाठी याच उपासकांनी थेट युरोपीय गुंतवणूक बँकेपर्यंत तक्रार नेली. भिंतीइतकेच वृक्षही त्या वास्तूचे अंग आहेत, हे त्यांनी ओळखले होते.

ज्यांस ही वास्तू पाहावयाची असेल त्यांनी चिटणिसांकडे नाव द्यावे. रविवारची उपासना आटोपल्यावर, परवानगी घेऊन, आपण जाऊ. आत जाताना दाराशी थांबून पाण्याचे कुंड अवश्य पाहावे. घाईत तेच नजरेतून सुटते.