हिशेब कुणाकडे मागायचा?



संमेलनाच्या अध्यक्षाने साहित्याच्या प्रवाहांवर बोलावं, नव्या कवींची नावं घ्यावी आणि वाचनसंस्कृतीची काळजी करावी, अशी रीत आहे. मी आज ती पाळणार नाही. मला पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या या औद्योगिक पट्ट्यातल्या सरकारी आरोग्यसेवेबद्दल बोलायचं आहे. तिच्यावर कुणाचा पैसा खर्च होतो, किती होतो, आणि त्याचा जाब कुणी द्यायचा, हे मला विचारायचं आहे. साहित्याच्या मांडवात हा विषय कुणाला उपरा वाटत असेल, तर त्यांनी पिंपरीचा इतिहास आठवावा.

या गावाची औद्योगिक ओळख मोटारींपासून सुरू झालेली नाही, ती पेनिसिलीनपासून झाली. 1954 साली इथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, म्हणजे एच.ए., उभी राहिली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत होती, पण कारखाना सरकारचा होता, म्हणजे लोकांचा होता. गरिबाच्या पोराला न्यूमोनिया झाला तर ते केवळ औषधावाचून जाऊ नये, या हेतूने नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाने आपला तुटपुंजा पैसा इथल्या माळावर घातला. आमच्या पट्ट्याची पायाभरणी अशी औषधाने झालेली आहे. पुढे त्या कंपनीला घरघर लागली. 2016 च्या जानेवारीत एच.ए.च्याच मैदानावर अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. 89 वं. मांडव भव्य होता. त्या काळात कंपनीतल्या कामगारांचे पगार थकलेले होते, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीची अतिरिक्त जमीन विकायला केंद्र सरकारने मंजुरी दिली. मराठी लेखकांनो, ज्या जमिनीवर आपण चार दिवस भाषेचा जागर केला, तिथला औषधाचा सार्वजनिक कारखाना का मोडकळीला आला, हा प्रश्न आपल्यापैकी कितीजणांनी लिहून विचारला? मी हा आरोप करतो आहे आणि तो मागे घेणार नाही.

आता पैशाकडे येतो. पिंपरी-चिंचवड म्हणजे आशियातली सर्वांत श्रीमंत महापालिका, हे बिरुद आपण वर्षानुवर्षं मिरवलं. 2025-26 चा अर्थसंकल्प केंद्राच्या योजना धरून साडेनऊ हजार कोटींच्या वर होता. संत तुकारामनगरचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, आपलं वायसीएम, 750 खाटांचं आहे. तिथल्या डॉक्टरांबद्दल आणि सिस्टरांबद्दल मला आदर आहे. खेड, मावळ, जुन्नर, आंबेगावपासून येणारं माणूस ते अंगावर घेतात, आणि तेही अपुऱ्या हातांनी. माझं भांडण त्यांच्याशी नाही. त्यांना अपुरं ठेवणाऱ्यांशी आहे.

8 डिसेंबर 2023 आठवा. तळवड्यात वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाजीच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या एका कारखान्यात स्फोट होऊन आग लागली. काम करणाऱ्यांत बहुतेक बायका होत्या. सहाजणांचा जीव जागीच गेला, आणि पुढच्या दिवसांत मृतांचा आकडा दहाच्या पुढे गेला. कारखान्याला परवाना नव्हता, हे आग लागल्यावर सगळ्या खात्यांना एकदम समजलं. भाजलेल्या बायकांना वायसीएमला आणलं, आणि तिथून पुण्याला ससूनला हलवावं लागलं, कारण भाजलेल्या रुग्णांसाठी स्वतंत्र कक्ष आपल्याकडे नव्हता. फोर्जिंग, फाउंड्री, पेंट शॉप, रसायनं, गॅस कटिंग या सगळ्यांवर ज्या शहराची चूल पेटते, त्या शहराच्या सर्वांत मोठ्या रुग्णालयात भाजलेल्या कामगाराला ठेवायला जागा नव्हती! हजारो कोटींच्या अर्थसंकल्पात असा कक्ष कोणत्या वर्षी मागितला गेला, कुणी नाकारला, फाइल कुणाच्या टेबलावर राहिली? या प्रश्नाचं उत्तर सही आणि तारखेसह लोकांसमोर यायला हवं होतं. माझ्या दृष्टीने तळवड्याची खरी चौकशी तीच होती.

पण तेव्हा विचारायचं तरी कुणाला? मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि निवडणूक झाली ती 2026 च्या जानेवारीत. जवळजवळ चार वर्षं महासभेचे अधिकार, स्थायी समितीचे अधिकार आणि आयुक्तपद एकाच खुर्चीत होते. प्रस्ताव मांडणारा तोच, मंजूर करणारा तोच. त्या खुर्चीवरचा अधिकारी कितीही सज्जन असो, ही रचनाच जाब विचारण्याच्या विरोधात आहे.

याचा पुरावा आपल्याच शहरात आहे. 2021 च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, ऑटो क्लस्टरमधल्या महापालिकेच्या कोविड रुग्णालयात उपचार मोफत होते. तिथल्या अतिदक्षता विभागातल्या खाटेसाठी एका रुग्णाच्या नातेवाइकांकडून एक लाख रुपये घेतल्याचा आरोप झाला. तो आरोप महासभेत गाजला, त्यानंतर गुन्हा दाखल झाला आणि डॉक्टरांना अटक झाली. सभागृह होतं म्हणून ते बाहेर आलं. त्याच सभागृहाची दुसरी बाजूही सांगतो, कारण मला कुणाची आरती करायची नाही. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये स्थायी समितीच्या अध्यक्षांना लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने अटक केली. तेव्हा आता नवे नगरसेवक निवडून आले म्हणून आपण हात झटकून मोकळे व्हावं, असं मी म्हणत नाही. लोकांचं लक्ष नसेल तर सभागृहही टक्केवारीचं ठिकाण होतं.

चाकणकडे वळलं की परिस्थिती आणखी बिकट दिसते. 2011 च्या जनगणनेत चाकणची लोकसंख्या 41 हजारांच्या आसपास होती आणि पिंपरी-चिंचवडची 17 लाख 27 हजार. त्यानंतर मोजणीच झाली नाही, 2021 ची जनगणना पुढे ढकलली गेली. सपाट प्रदेशात 30 हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि पाच हजारांमागे एक उपकेंद्र हा नियम. पण हे हजार कुठले? 2011 चे. म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, नाणेकरवाडी या गावांत आज एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारी पोरं आहेत. दिवसपाळीवाला उठतो आणि त्याच अंथरुणावर रात्रपाळीवाला पडतो. नांदेड, लातूर, बुलढाणा, बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेश इथून ती आली आहेत. त्यांच्या श्रमावर वाहन उद्योगाची निर्यात चालते, त्यांच्या खरेदीवर जीएसटी जमतो, पण आरोग्य केंद्राच्या मंजुरीच्या कागदावर ती जन्मलेलीच नाहीत. त्यांच्या नावची खाट नाही, नर्स नाही, गोळी नाही. कारखान्याला पाणी किती लागेल, वीज किती लागेल, ट्रक किती येतील, याचा अंदाज भूखंड देण्याआधी मांडता येतो. मग माणसं किती येतील आणि आजारी किती पडतील, याचा अंदाज बांधायला कुणी मनाई केली होती?

आणि ही पोरं फुकट काही मागत नाहीत. ज्याचं पगारपत्रक निघतं, त्याने आपली चिठ्ठी नीट वाचावी. पगार 21 हजारांपर्यंत असेल तर कर्मचारी राज्य विमा योजनेसाठी, म्हणजे ईएसआयसाठी, त्याचा पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. 15 हजार पगाराचा हिशेब करा. कामगाराचे 112 रुपये 50 पैसे, मालकाचे 487 रुपये 50 पैसे, म्हणजे महिन्याला सहाशे आणि वर्षाला 7,200 रुपये. असे एक लाख कामगार धरले तर वर्षाचे 72 कोटी होतात. हे अनुदान नव्हे, ही कामगाराने आगाऊ भरलेली किंमत आहे. या किमतीच्या बदल्यात चाकणच्या हेल्परला काय मिळालं? आजारी पडल्यावर त्याने चिंचवडच्या मोहननगरचं ईएसआय रुग्णालय गाठायचं, तळेगाव चौकातली आणि नाशिक फाट्यापर्यंतची वाहतूक कोंडी तुडवत. म्हणून तो जात नाही. खोलीजवळच्या डॉक्टरकडे जातो, सलाइन लावून घेतो, खिशातले पैसे देतो आणि दुसऱ्या दिवशी कामावर उभा राहतो.

पॉवर प्रेसवर बोट गेलेल्या कामगारांची नोंद ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था 2019 पासून ‘क्रश्ड’ या अहवालांतून मांडते आहे. त्यात पुन्हा पुन्हा दिसतं की ईएसआयचं कार्ड अनेकांच्या हाती अपघात झाल्यानंतरच पडतं. कायदा सांगतो, कामाला लागल्या दिवसापासून नोंद हवी. ठेकेदार थांबतो, बोट तुटेपर्यंत थांबतो. तपासणी करणारं खातं कुठे असतं? याबद्दल विचारायला जा. विमा महामंडळ दिल्लीचं, रुग्णालय चालवणारी सोसायटी राज्याची, खर्चाचे आठातले सात भाग केंद्राच्या महामंडळाचे आणि एक भाग राज्याचा. कारखान्याची तपासणी तिसऱ्याकडे. आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, ग्रामीण रुग्णालय राज्याच्या आरोग्य विभागाचं, भूखंड एमआयडीसीचा, गटार नगरपरिषदेचं. प्रत्येकजण दुसऱ्याच्या दाराकडे बोट दाखवतो. माझा आजचा मुद्दा एवढाच आहे, मित्रांनो: आपल्या पट्ट्यात पैसा कमी नाही, प्रश्न पोचवायला दारच ठेवलेलं नाही. आणि जिथे दार नाही तिथे पैसा कितीही ओता, तो कुठे मुरला ते कळत नाही.

राज्याच्या पातळीवर तेच चित्र मोठं होऊन दिसतं. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांना सांगितलं होतं की 2020 पर्यंत आपल्या अर्थसंकल्पातले आठ टक्क्यांहून जास्त आरोग्यावर खर्च करा. देशाच्या उत्पन्नात पहिल्या क्रमांकाचा टेंभा मिरवणारा महाराष्ट्र त्याच्या निम्म्याच्या आसपास घुटमळतो. डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात कॅगचा अहवाल ठेवला गेला, त्यात परिचारिकांच्या शंभरातल्या पस्तीस जागा रिकाम्या असल्याचं नोंदलं आहे. त्याच्या वर्षभर आधी, 2023 च्या ऑक्टोबरच्या तोंडावर, नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस माणसं गेली. त्यांतली बारा नवजात बाळं होती. चाकणच्या कितीतरी पोरांचं ते गाव आहे. इथे राबणाऱ्याचं बाळ तिथे काचेच्या पेटीत होतं, हे आपण विसरू नये.

त्याच वर्षी 15 ऑगस्टपासून राज्याने सरकारी रुग्णालयांतले उपचार मोफत केले. चांगला निर्णय होता, मी त्याचं स्वागत करतो. पण तो सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांपुरता होता. महापालिकांची रुग्णालयं त्यात नव्हती. म्हणजे औंधच्या जिल्हा रुग्णालयात एक नियम आणि नदी ओलांडून वायसीएमला आलं की दुसरा. कामगाराच्या तापाला हद्द कळत नाही.

आपण चिंचवडला आहोत, म्हणून एक गोष्ट सांगणं भाग आहे. 1897 च्या प्लेगात सरकारी माणसं बुटांसकट पुण्याच्या घराघरांत घुसली. त्या जुलमाविरुद्ध याच गावच्या चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली आणि फासावर गेले. त्याच प्लेगात सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव हडपसरच्या माळावर रुग्णांची सेवा करत होते. सावित्रीबाईंचा जीव त्यातच गेला. मला बंदूक नको आहे, राज्य आता आपलंच आहे. पण आपण चापेकरांच्या वाड्यापुढे दरवर्षी हार घालतो आणि सावित्रीबाईंच्या तसबिरीला फुलं वाहतो, तर साथीच्या काळात सरकार माणसाशी कसं वागलं हे विचारण्याची त्यांची परंपरा कुणी चालवायची? टिळकांनी तेव्हा लेखणीने विचारलं आणि दीड वर्षाची सजा घेतली. आज कुणी आपल्याला तुरुंगात टाकणार नाही, फार तर पुरस्कार हुकेल, अनुदान थांबेल. तेवढ्या भीतीने आपली कथा गप्प बसते आहे.

आणि मार्ग नाही असं कुणी म्हणू नये. 2007 पासून महाराष्ट्रात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, ‘साथी’सारख्या संस्थांनी ती उभी केली. पहिल्या पाच जिल्ह्यांत आपला पुणे जिल्हा होता. गावकरी आरोग्य केंद्राचं गुणपत्रक भरायचे, जनसुनवाईत बाई उठून विचारायची की बाळंतपणाला पैसे का घेतले, आणि डॉक्टरला आणि तालुका अधिकाऱ्याला चारचौघांत उत्तर द्यावं लागायचं. आदिवासी पाड्यांवरच्या बायकांनी हे केलं आहे. मग ज्यांना माहितीचा अधिकार ठाऊक आहे, पगारपत्रक वाचता येतं, युनियनचा अनुभव आहे, त्या आपल्याला का जमू नये?

म्हणून मी या व्यासपीठावरून ठराव मांडतो. चाकण आणि भोसरी इथे येत्या सहा महिन्यांत आरोग्याची जनसुनवाई भरवावी. महापालिका, जिल्हा परिषद, ईएसआय आणि कारखाने निरीक्षक यांना एकाच दिवशी, एकाच टेबलाशी बोलवावं, म्हणजे एकाला दुसऱ्याकडे बोट दाखवता येणार नाही. या पट्ट्यातून ईएसआयचे किती पैसे गोळा झाले आणि इथेच किती खर्च झाले, हे त्यांनी लिहून आणावं. प्रत्येक सरकारी दवाखान्याच्या दारात मंजूर पदं, रिकामी पदं, संपलेली औषधं आणि ससूनला पाठवलेल्या रुग्णांची संख्या दरमहा फळ्यावर लिहावी. आणि या संमेलनातल्या लेखकांनी त्या सुनवाईत बसून कामगारांच्या साक्षी शब्दशः उतरवून घ्याव्यात. पुढच्या संमेलनाची स्मरणिका त्या साक्षींची असेल, शुभेच्छांच्या जाहिरातींची नाही. जाहिरातींचं नुकसान सोसायची तयारी आयोजकांनी आत्ताच, इथेच जाहीर करावी.

ठरावाला अनुमोदन देणाऱ्यांनी हात वर करू नका. नाव, कंपनी किंवा ठेकेदार, आणि राहण्याचं गाव कागदावर लिहून मंचाच्या डाव्या बाजूच्या टेबलावर द्या. सुनवाईची पहिली बैठक त्याच यादीतून बोलावली जाईल.