चित्राखाली नाव कोणाचं?

(पेठ येथे महिला गटांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पाण्याचा, मजुरीचा प्रश्न समोर असताना कलेचा इतिहास कशाला, असं सकाळी दोघी-तिघींनी विचारलं. शंका रास्त आहे. पण तुमच्यातल्या बऱ्याच जणी कापडी पिशव्यांवर वारली चित्रं काढून विकतात. त्याच चित्राला ‘हस्तकला’ म्हटलं की एक भाव मिळतो, ‘कला’ म्हटलं की दुसरा. हे शब्द दुसऱ्यांच्या हातात राहिले, तर भावही त्यांच्याच हातात राहणार.

लग्नातला चौक घेऊ. कुडाची भिंत सारवून तिला गेरूचा हात दिला, की ती झाली पृष्ठभाग. तांदळाच्या पिठाचं पाणी हे माध्यम, बांबूची काडी हे साधन. मधोमध पालघाट देवी, भोवती नक्षीचे पट्टे, झाडं, माणसं, ही झाली रचना. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडून माणसाचं धड करायचं, ही शैली. पालघाट ही सुफलतेची देवी, म्हणून ते प्रतीक. एवढे शब्द आले की जाडजूड ग्रंथातलं चित्रवर्णनही वाचता येतं. राहिला ‘संदर्भ’. मला त्यावरच जास्त बोलायचं आहे.

संदर्भ म्हणजे चित्र कोणी काढलं, कशासाठी, पैसे कोणी दिले. चौक सवाशिणी लिहितात. हो, ‘लिहितात’च म्हणतात, ‘काढतात’ नाही. लिहिणारीला मान होता. पण तो सवाशिणीलाच, नवरा गेलेलीला नाही. परंपरेचं कौतुक करताना हेही मांडायला हवं.

१९७० नंतरच्या काही वर्षांत भास्कर कुलकर्णी डहाणूच्या बाजूला आले, त्यांनी कागद आणि रंग दिले. भिंत विकता येत नाही, कागद विकता येतो. कागदावर सही येते आणि सहीमागून पैसा. जिव्या सोमा मशे यांचं नाव जगभर गेलं, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते वारले. त्यांची चित्रं थोरच आहेत. लग्नविधीच्या बाहेर पडून त्यांनी शेती, मासेमारी, रोजचं जगणं चित्रात आणलं. पण पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिणाऱ्या बायांची नावं कुठे आहेत? पुस्तकात त्या नुसत्या ‘वारली स्त्रिया’. पुरुष चित्रकार आणि बाया परंपरा, अशी ही वाटणी आहे!

१९७१ साली लिंडा नॉकलिन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी विचारलं, थोर स्त्री-चित्रकार का झाल्या नाहीत? बायकांच्या अंगात काय कमी होतं, हे शोधायला त्या गेल्या नाहीत. त्यांनी युरोपातल्या कलाशाळांचे दरवाजे तपासले. तिथे विवस्त्र माणूस समोर बसवून चित्र शिकणं हा थोर होण्याचा रस्ता मानला जाई, आणि बायकांना त्या वर्गात एकोणिसाव्या शतकाच्या जवळजवळ अखेरपर्यंत मज्जाव होता. दार बंद ठेवायचं आणि वर विचारायचं, आत का आला नाहीत? आपल्याकडे दार वेगळं आहे. शहरातल्या प्रदर्शनाला चार दिवस जायचं, तर घरी भाकरी कोण थापणार?

मागच्या वर्षी एका दुकानदाराने आपल्या पिशव्यांवर चिठ्ठी लावली, ‘आदिवासी महिलांनी बनवलेले’. नाव एकीचंही नाही. दुकानाचं मात्र ठळक. मी तक्रार केली तेव्हा म्हणाला, गिऱ्हाईकाला नावाशी काय करायचंय? मग दुकानाचं तरी कशाला छापतो?

म्हणून ही वही आणली आहे. प्रत्येक चित्राची नोंद करायची: काढणारीचं नाव, गाव, साल, पृष्ठभाग, माध्यम, लांबी-रुंदी. आणि ती कोणाकडून शिकली, आईकडून, आत्याकडून, सासूकडून, तिचंही नाव. हयात नसली तरी लिहायचं. जिला लिहिता येत नाही, तिचं शेजारणीने लिहून द्यावं. पुढच्या वेळी माल देताना याच नोंदीवरून चिठ्ठी लावून द्यायची, दुकानदार नको म्हणाला तरी. जेवणाच्या सुट्टीत मोजपट्टी घेऊन बसू. सुरुवात पहिल्या रांगेपासून करू या.